भिंत आमची, फळा सगळ्यांचा

शिवयोगीला मी तीनदा सांगितलं, ती ओळ पूस. तीनदा त्यानं नाही म्हटलं, आणि तेही आवाज न चढवता. माझ्या पोराची हीच खोड मला सोसत नाही. भांडायचं तर माणसानं भांडावं, ताट सरकवावं, दार आपटावं. हा तसलं काही करत नाही. चष्मा काढतो, शर्टाच्या टोकानं पुसतो, आणि वर्गातल्या ढ पोराला समजवावं तसं जन्म दिलेल्या आईला समजवतो. "अव्वा, आज तू सांगितलंस म्हणून पुसलं, तर उद्या दुसरा कुणी सांगेल, हे पूस. परवा तिसरा. मग फळा ठेवायचा कशाला? मंगळवारी पुसायचं म्हणजे मंगळवारीच. नियम सगळ्यांना एक." भिंत माझी. मालक गेल्यावर शेंगा कुटून, चटणी विकून मी ती उभी ठेवली. आणि तिच्यावर काय राहील, काय जाईल, ते मंगळवार ठरवणार.

गुरुवारी सकाळी शरणप्पा चटणीला आला नसता तर कदाचित मीही गप्प बसले असते. माणूस किती दिवस गप्प बसू शकतो, याचा मला चांगला अंदाज आहे. शरणप्पा मागच्या बोळातला, कापडाच्या दुकानात कामाला, वर्षानुवर्षं माझी चटणी खाणारा. उंबऱ्यावर उभा राहिला, पिशवी पुढं केली नाही. "काकू, एक विचारू का? राग मानू नका." म्हटलं, "राग यायचा असला तर येईल. विचार." तर म्हणतो, "ती निंगव्वा तुमच्याकडं कुटायला येती का अजून?" आणि माझ्या हातांकडं बघितलं. मी त्याला माझ्या हातांकडं बघताना बघितलं. तिखटानं लाल झालेले हात, नखांत शेंगांचं तेल. "न्हाय," मी म्हणाले, "दोन महिनं झालं, तिनं माझ्या उंबऱ्याला पाय लावला न्हाय." "मग द्या पावशेर," म्हणाला. मी दिली. कागद नीट बांधून दिला. बोलले ते अक्षर न् अक्षर खरं होतं, देवासमोर सांगावं असं खरं. तरी तो गेल्यावर मी मुसळ उचलायला गेले, ते उचलेना. उखळाच्या कडेवर हात ठेवून नुसती उभी राहिले, आणि भिंतीतून खडूची किरकिर आली. कुणीतरी लिहीत होतं. ती किरकिर मला दातांत लागते. भाकरीत आलेल्या वाळूच्या कचकचीसारखी.

फळा भिंतीवर लागला तो आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात. त्याच्या आधीचं वर्ष शिवयोगी माढ्याला होता. त्याआधी इथल्या त्याच्या शाळेत मास्तरांना सांगितलं होतं, नसबंदीच्या ऑपरेशनला माणसं आणा, इतकी आणा, नाही तर पगार विसरा. मास्तरांनी त्याच्याविरुद्ध एक अर्ज लिहिला. खाली सह्या करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांना आपापली पोरंबाळं आठवली. सही एकच पडली, माझ्या लेकाची, वळणदार, पूर्ण नावानिशी. आठ दिवसांत हुकूम आला, संस्थेच्या माढ्याच्या शाळेत जा. तिथं एका खोलीत स्वतः भात शिजवून खात वर्ष काढलं त्यानं. परत आला तेव्हा बारीक झाला होता, आणि सही करायची वेळ आली की त्याचा हात अडायचा. रेशनच्या कार्डावर सुद्धा. मी बघायची, बोलायची नाही. मग एक दिवस घरी फळा घेऊन आला, पाच फूट लांब, तीन फूट रुंद, शाळेतला मोडीत काढलेला, स्वतः काळा रंग देऊन. म्हणाला, "अव्वा, खिडकीखाली लावतो. गल्लीतल्या कुणीही यावं, लिहावं. नाव लिहायचं नाही. नाव विचारलं की माणूस गप्प बसतो." त्याचे डोळे असे चमकत होते की मी हो म्हणून बसले. आईचं काय, लेकाचे डोळे चमकले की ती भिंतच काय, छप्पर पण देते.

त्यानं सगळं विचार करून केलं होतं. फळा खाली लावला, बुटक्या बाईचा पण हात पोचावा म्हणून. खडू सुतळीला बांधला, कुणी नेऊ नये म्हणून. फडकं मात्र ठेवलं नाही. दुसऱ्याचं लिहिलेलं कुणी पुसायचं नाही, स्वतःचंही नाही, त्यानंही नाही. दर मंगळवारी सकाळी तो ओलं फडकं घेऊन सगळं पुसणार. इतका हुशार माणूस, सगळ्यांचे हात पोचतील याचा विचार केला. फक्त लिहायचं कसं ते बघितलं. परत घ्यायचं कसं, ते बघितलं नाही. पहिल्या महिन्यात लोक लाजत होते. मग कुणी लिहिलं, नळ उद्या उशिरा येणार. कुणी लिहिलं, सिद्धप्पाची म्हैस दोन दिवस दिसत नाही, कुणी बघितली का. खाली उत्तर आलं, तळ्याच्या बाजूला आहे, मजेत आहे. गल्ली हसली. मीही हसले, पण मला ते वाचून दाखवल्यावर. कारण मला वाचता येत नव्हतं. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही कानडी, अक्कलकोटाकडची. ती अक्षरं पण लग्नानंतर चुलीत गेली.

पण मी खिडकीशी बसून शेंगा निवडते. फळा खिडकीच्या खाली, जरा बाजूला. लिहिणाऱ्याचं तोंड दिसत नाही, कोपर दिसतं, बांगड्या दिसतात, शर्टाची बाही दिसते. मान बाहेर काढली तर दिसलं असतं. पण दुसऱ्याच्या तोंडात डोकावायची मला सवय नाही. माणूस गेलं की मी गजांना गाल लावून खालचं बघायची, आणि शिवयोगीला विचारायची, हे काय, ते काय. न, ळ. म, ह, स. पन्नाशी उलटल्यावर अक्षरं यायला लागली. एकेक अक्षर यायचं आणि आत कुठंतरी बसायचं, पाहुणा ओटीवर बसावा तसं, अवघडून. मला त्याचा किती आनंद झाला होता ते मी कुणाला सांगितलं नाही. निंगव्वाला सांगणार होते. पण तोपर्यंत आमचं बोलणं बंद झालं होतं.

निंगव्वा समोर राहते. आमच्या दारापासून तिच्या दारापर्यंत सहा पावलं, सांडपाण्याची नाली ओलांडायची धरली तर सात. ती माझ्यानंतर दोन वर्षांनी लग्न होऊन आली आणि माझ्या आधी चार वर्षं विधवा झाली. ती कडक भाकरी करते. ज्वारीची, बाजरीची, कागदासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. लोक तिच्याकडनं भाकरी घ्यायचे आणि समोर येऊन माझ्याकडनं चटणी. आम्ही दोघी मिळून अर्ध्या पेठेचं जेवण होतो. दुपारी भाकऱ्या उरकल्या की ती नाली ओलांडून यायची, उंबऱ्यावर टेकायची आणि तीस वर्षं एकच विचारायची, "ऊटा आयता, अक्का?" जेवण झालं का. झालं असलं तरी मी म्हणायची, "कसलं जेवण गं," मग ती मुसळ हातात घ्यायची. दिवाळीच्या तोंडावर, दाराशी दोन गिऱ्हाइकं उभी असताना, चटणी जिभेवर ठेवून ती म्हणाली, "अक्का, औंदा जरा खारट झालीय गं." बस. एवढंच. खारट झालीच होती. मलाही माहीत होतं. पण गिऱ्हाइकांसमोर? मी म्हटलं, "ज्याला खारट लागती त्यानं आपल्या घरचं खावं." ती उठली, पदर झटकला, गेली. मी म्हटलं, येईल. तिनं म्हटलं असेल, बोलवील. दोघींनी काय काय म्हटलं ते दोघींच्या घरात राहिलं, आणि मध्ये ती नाली वाहत राहिली.

दिवाळी होऊन पाच दिवस झाले असतील. दुपारची वेळ, गल्ली झोपलेली. समोरून हाक आली. "अक्का!" एकदाच. मी खिडकीशीच होते. हातात शेंग होती, ती तशीच धरली. मनात म्हटलं, आली शेवटी वळणावर. म्हटलं, अजून एकदा मारू दे, मग उठते. बाईनं इतकं तरी वाकावं. दुसरी हाक आली नाही. शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. आज ती हाक आठवते तेव्हा तिच्यातला आवाज वेगळा ऐकू येतो. तेव्हा मला फक्त अक्का एवढंच ऐकू आलं होतं.

मग निंगव्वाच्या उजव्या हाताला फडकं दिसायला लागलं. मार्गशीर्षात ते निघालं, आणि खिडकीतून दिसलं, मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत पांढरं. मला कळेना. झोप लागेना म्हणत नाही, झोप लागायची, पण सकाळी उठल्यावर पहिलं तेच आठवायचं. विचारायचं तर नाली ओलांडायला हवी. नाली ओलांडायची तर आधी कुणीतरी म्हणायला हवं, चटणी खारट नव्हती, किंवा होती. आणि फळ्यावर तर सगळ्यांना सगळ्याचं उत्तर मिळत होतं. म्हशीचं मिळालं, नळाचं मिळालं. संक्रांतीच्या आधीच्या मंगळवारी शिवयोगीनं फळा पुसला आणि शाळेत गेला. तो ओला काळा फळा उन्हात वाळत होता. दुपारी बोळात कुणी नव्हतं. मी बाहेर आले, सुतळीचा खडू धरला. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या मनानं एक अख्खी ओळ लिहिली. निंगवाचा हाताला काय झालं. व्वा, च्या मला येत नव्हते, जोडाक्षर अजून बसलं नव्हतं. म्हटलं, कुणीतरी खाली लिहील, भाजलं होतं, आता बरं आहे. मी वाचीन. मला कळेल, तिला कळणार नाही की मला कळलं. घरात आले तेव्हा छाती धडधडत होती. भीतीनं नव्हे. खरं सांगते, अभिमानानं. ओळ सरळ आली होती.

पहिलं उत्तर आलं ते मला. आधी शाळेत जा, मग विचार. मी वाचलं, हसू आलं, राग आला. दुसरं आलं, पांढरे डाग आहेत, मी बघितले. तिसरं, त्याच हातानं पीठ मळते. बुधवारी सकाळी एक मोठा शब्द आला, तो मी लावत बसले, म, हा, रो, ग. लावला आणि गजांवरचा हात खाली आला. त्याच्याखाली कुणीतरी भलं लिहिलं होतं, खात्री करा, मग लिहा. त्याच्याखाली, मग तूच खा. आणि सगळ्यांत खाली, मोठ्या अक्षरात, ज्यांनी भाकरी बंद केली त्यांनी रेघ मारा. दुपारपर्यंत चार रेघा उभ्या, एक आडवी. मी शेंगा निवडत होते आणि भिंतीतून रेघा ऐकत होते. अक्षराचा आवाज लांब असतो, वळतो, थांबतो. रेघेचा आवाज एकच, वरून खाली. प्रत्येक कोपर ओळखीचं होतं. माझ्या हातची चटणी खाणारी कोपरं. त्या संध्याकाळी मी शिवयोगीला पहिल्यांदा म्हटलं, पूस. त्यानं वाचलं, त्याचं तोंड उतरलं, ते मी बघितलं. त्याला वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण म्हणाला, "खोटं असेल तर लोकच खाली खरं लिहितील, अव्वा. थांब जरा." मी म्हटलं, "कुणी लिवलं असंल पहिलं?" तो म्हणाला, "मला माहीत नाही. आणि माहीत करून घ्यायचंही नाही. तेच तर आहे." मी खाली बघितलं. तिथंच सांगता आलं असतं. नाव काढायला किती वेळ लागतो. पण ज्याला रोज म्हणते, तुझ्या शाळेपेक्षा माझी अक्कल बरी, त्याच्यापुढं तोंड उघडलं नाही.

गुरुवारी शरणप्पा येऊन गेल्यावर दुपारी निंगव्वा फळ्याशी आली. नाली ओलांडली, पण माझ्या उंबऱ्याकडं आली नाही, खिडकीशी थांबली. गज धरला. तो हात माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर. पांढरा नव्हता तो. गुलाबी होता, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखा, नवा.

"अक्का."

"काय गं."

"तुला वाचाया येतंय म्हनं आता."

"थोडं थोडं."

"हितं माझं काय लिवलंय? मी आली की सगळी गप हुत्यात."

मी फळ्याकडं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतेय. "काय न्हाय. नळाचं हाय. पाणी उशिरा येणार."

"एवढं लई लिवलंय की."

"पाण्याचं लई असतंय."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "उद्या भोगी, आन अजून कोण टोपली घिऊन आलं न्हाय. औंदा लोकं उशीर करत्यात." हाताकडं बघून म्हणाली, "आधणाचं पातेलं कलंडलं गं, दिवाळी झाल्यावर. तुला हाक मारली हुती. तू घरात न्हवतीस जणू."

"न्हवते," मी म्हणाले.

ती गेली. वर्षभरात भोगी हाच तिचा मोठा आधार. तीळ लावलेली बाजरीची भाकरी त्या दिवशी घरोघर लागते, पेठेतल्या निम्म्या घरांत तिचीच जाते. शुक्रवारी ती पहाटेपासून थापत होती. थप, थप, तो आवाज मला इथं ऐकू येत होता, आणि दुसऱ्या बाजूनं, भिंतीतून, रेघा. दाराशी तिनं भाकऱ्यांच्या चवडी लावल्या, पांढरं फडकं झाकलं. बायका टोपल्या घेऊन जात होत्या आणि तिच्या दाराशी आल्या की पदर सारखा करायला लागत होत्या. गड्ड्याच्या जत्रेला निघालेली पोरं ओरडत जात होती. मी उठून सहा पावलं गेले असते, वीस भाकऱ्या सगळ्यांदेखत उचलल्या असत्या, तर कदाचित रेघा तिथंच थांबल्या असत्या. हे मला तेव्हाही कळत होतं. पण शरणप्पा समोरच्या कट्ट्यावर बसला होता आणि माझ्या बरण्या भरलेल्या होत्या. मी चूल पेटवली आणि माझ्या भोगीची भाकरी मी माझ्या हातानं थापली. मला थापता येत नाही नीट. कडा फाटल्या. शिवयोगीनं फाटक्या कडांसकट खाल्ली.

संक्रांतीच्या दिवशी म्हातारे शिवलिंगप्पा, गिरणीतनं निवृत्त झालेले, सगळ्यांचं भलं बघणारे, त्यांनी तिला फळ्यापुढं उभं करून सगळं वाचून दाखवलं. "तुला कळाया पाहिजे, पोरी," म्हणाले. भल्या माणसाला दुसरं काय सुचणार. मी आत, भिंतीला पाठ लावून. शब्द न् शब्द वाचला त्यांनी, रेघा मोजल्या. शेवटी निंगव्वानं एवढंच विचारलं, "पैली ओळ कुणी लिवली?"

"नाव न्हाय."

"बाईनं का बाप्यानं?"

"अक्षर लहान पोराचं दिसतंय."

मग तिचा आवाज आला, अगदी साधा, "पोर हाय मग. पोराला काय कळतंय." मला वाटतं माणसाला इतकी माफी मिळू नये. मिळालीच तर निदान स्वतःच्या नावानं मिळावी.

सोमवारी सकाळी टांगा आला. भाऊ अक्कलकोटला असतो तिचा. एक ट्रंक, एक वळकटी, आणि पोत्यात भरलेल्या भाकऱ्या. टांगेवाल्यानं विचारलं, ह्याचं काय. ती म्हणाली, "भावाच्या म्हशीस्नी घालीन." दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. खिडकीकडं बघितलं. मी तिथं होते, ती मला दिसत होती, मीही तिला दिसले असेन. "ऊटा आयता" म्हणाली नाही. मीही उठले नाही. पाय होते, आणि बोळ तेवढाच होता.

आज मंगळवार. शिवयोगी सकाळी ओलं फडकं घेऊन बाहेर गेला, दर मंगळवारसारखा, बाह्या दुमडून. मी त्याच्या मागं गेले. त्यानं हात वर नेला तसं मी म्हटलं, "थांब. पुसू नगं."

"अव्वा, तूच तर आठवडाभर म्हणत होतीस पूस."

"तवा म्हणत हुते. तवा ती हितं हुती."

मी सुतळीचा खडू घेतला. आता तो बोटभरच उरला होता. वाकले, आणि पहिल्या ओळीच्या शेवटी लिहिलं, चनवा. चन्नव्वा, माझं नाव, लिहायचं होतं, तेवढं येत नाही. पण ओळीतला न आणि नावातला न सारखेच उमटले, एकाच आईच्या दोन पोरांसारखे. ते ओळखायला मास्तर लागत नाही. शिवयोगीनं चष्मा काढला. या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरला. कट्ट्यावरचा शरणप्पा उभा राहिला. फडक्यातलं पाणी माझ्या लेकाच्या चपलेवर ठिबकत होतं.

"तू लिहिलंस?" तो म्हणाला.

"व्हय, मी. आन आता ऐक, सगळ्यांदेखत सांगती. तू नाव लिवलंस आन तुला माढ्याला धाडलं. ती मोठी माणसं हुती. त्यांच्यापुढं गरिबाला तोंड झाकाया जागा पाहिजे, ती तू दिलीस, ते तुझं बरोबर हाय. पर निंगव्वा कुठली रं मोठी? तिच्यापुढं आमी सगळी तोंड झाकून हुबी ऱ्हायलो, आन ती एकटी उघडी. चोर मी हाय. दुपारच्या गाडीनं अक्कलकोटला जाती, तिनं दारात घेतलं तर घेतलं, न्हाय तर दारात बसती. पर चोराला भिंत तू दिलीस, आन सात दिस तिच्यावर पहारा बी तूच केलास. तू वाईट न्हाईस, शिवयोगी. तू लई शहाणा हाईस, आन शहाण्याला वाटतंय की बोलाया सोपं केलं की झालं. हा बोळ सहा पावलांचा हाय. तुझ्या फळ्यानं मला त्यातलं एक बी पाऊल टाकाया लावलं न्हाय."